उसाचे गरीब सोयरे

आमच्या वेसाव्याला कोळीवाड्याच्या तोंडाशी एक रसवंतीगृह आहे. एका अंगाला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, दुसऱ्या अंगाला आले-लिंबू घातलेल्या रसाचा वास, आणि मध्ये आपण पेला घेऊन उभे. बाहेरच्या माणसाला याची सवय व्हायला थोडे दिवस जावे लागतात. आम्हांला मात्र आता एकावाचून दुसरा गोड लागत नाही. चालक पुरंदर तालुक्यातला आहे. मुंबईतली पुष्कळशी रसवंतीगृहे त्या बाजूच्या मंडळींचीच. पाट्यांवर कानिफनाथांचे नाव इतक्या वेळा दिसते, ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली, त्या संध्याकाळी माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर तेथे भेटली. घुंगरू वाजवीत फिरणाऱ्या चरकाकडे ती बराच वेळ पाहत होती. मग एकदम म्हणाली, “सर, आई लाडवांचा डबा पाण्याच्या परातीत ठेवते, तरी मुंग्या लागतात. मग एवढा गोड ऊस उघड्या रानात वर्षभर उभा राहतो, त्याला कुणी खात नाही का?”

“खातात की!” मी म्हणालो आणि रसाचा घोट घेतला. खरे उत्तर पेला संपेपर्यंतच्या वेळात मावणारे नव्हते. शिवाय त्या उत्तरात माझ्या घरची एक दिवाळी गुंतलेली आहे.

माझे बिऱ्हाड वेसाव्याला असले तरी मूळ घर कृष्णाकाठचे, आणि थोरली बहीण सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात दिलेली. २००२ सालच्या भाऊबिजेला मी तिच्याकडे गेलो. नोकरी नवी होती; पहिल्या पगारातून घेतलेले लुगडे पिशवीत होते. ताईच्या नव्या घराचे काम जोत्यापर्यंत येऊन थांबले होते. ऊस गेला की भिंती उभ्या करायच्या, असा दाजींचा बेत. तीन एकर ऊस उभा होता, आणि लांबून पाहिले तर रान हिरवेगार दिसत होते.

“आत या, मास्तर,” दाजी म्हणाले, “आणि पान उलटं करून बघा.”

मी पान उलटे केले. खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, पिंजलेला कापूस चिकटवावा तसा पांढरा थर होता. बोट लावले तर तो कापूस हलला. चार पावले आत गेलो तोच माझा निळा सदरा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला. खालच्या पानांवर वरून काही चिकट ठिबकलेले होते आणि त्यावर चुलीमागच्या भिंतीसारखी काजळी धरली होती. गोठ्यातली म्हैस उसाच्या वाढ्यांना तोंड लावीना. ताईने फराळाचे ताट पुढे केले. पण त्या दिवशीच्या चकल्यांची चव काही मला आठवत नाही.

ही कीड म्हणजे लोकरी मावा. झेंटनर नावाच्या शास्त्रज्ञाने जावा बेटात १८९७ साली तिचे वर्णन केले. आपल्या देशात १९५८ साली ती पश्चिम बंगालमध्ये आढळल्याची नोंद आहे. पुढे चाळीसएक वर्षे ती ईशान्येकडच्या मुलखात मुकाट्याने राहत होती. २००२ च्या जुलैत ती एकाएकी सांगली जिल्ह्यात प्रगट झाली, आणि दोन-तीन महिन्यांत कोल्हापूर, सातारा, बेळगाव असे करीत शिवारेच्या शिवारे पांढरी करू लागली. या किड्यांत सगळ्या माद्याच. नराची वाट पाहणे नाही, अंडी घालणे नाही. एकेक मादी सरळ पिल्लेच जन्माला घालते, आणि ती पिल्लेही लेकीच. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि वारा त्यांना पुढच्या गावी नेतो. सोंड पानात खुपसून रस ओढायचा, जिरेल तेवढा ठेवायचा आणि उरलेला गोड थेंब खाली टाकायचा, एवढाच यांचा संसार. त्या थेंबांवर मुंग्या येतात, काजळी वाढते, पान आंधळे होते आणि उसाचे वजनही घटते, साखरही घटते. महाराष्ट्रात २००२-०३ च्या हंगामात सुमारे ६२ लाख टन साखर झाली होती. २००४-०५ मध्ये ती सुमारे २२ लाख टनांवर आली. हा सगळा दोष एकट्या माव्याचा नव्हे. त्या वर्षांत दुष्काळही पडला होता. पण ज्याचे रान आधीच तहानलेले त्याच्या पानांतला रसही कोणी पिऊन टाकावा, म्हणजे काय होते ते मी बहिणीच्या घरी पाहिले आहे.

औषध मारावे तर ऊस डोक्याच्या वर गेलेला. फवारणारा माणूस आत शिरला की दिसेनासा व्हायचा, आणि कीड तर पानाखाली. दाजी आठ दिवस सकाळी उठून सरीसरीने फिरत होते. काय शोधता म्हणून विचारले तर म्हणाले, “एवढ्या तीन एकरांत एखादा तरी ऊस असा असंल, ज्याला हा लागला नाही. तेवढा सापडला की त्याचं बेणं धरतो.”

तो एकही ऊस सापडला नाही. तेव्हा ते दुर्दैव वाटले. पुढे चार पुस्तके चाळल्यावर कळले, की तो सापडणे शक्यच नव्हते. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपण ज्याला ऊस म्हणतो त्याचे जाड, मऊ, रसाळ घराणे मूळचे न्यू गिनी बेटाकडचे. दख्खनमध्ये त्या घराण्याचा मानकरी म्हणजे पुंड्या. जुन्या माणसांनी पुंड्याचे नाव काढले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. दातांनी सोलावा, सालपट लांब निघावे, कांडे चघळताना हनुवटीवरून रस ओघळावा! पण जे आपल्या दातांना सोपे तेच कोल्ह्याच्या, उंदराच्या आणि खोडकिड्याच्या दातांनाही सोपे. हजारो वर्षे माणसाने निवड केली ती गोडीची, जाडीची आणि मऊपणाची. कठीण साल, खरबरीत पान, कडवटपणा, चिवटपणा ही गरिबाची हत्यारे एकेक करून टाकून दिली. पुंड्या म्हणजे बंदोबस्ताची सवय झालेला जहागीरदार. पहारा आपण करायचा आणि त्याने नुसते गोड व्हायचे.

त्याचे गरीब सोयरे मात्र आपल्या नदीकाठी उघड्यावरच राहत होते. शरद ऋतूत पांढऱ्या तुऱ्यांनी नदीचे काठ भरून टाकणारे काशगवत आपण सर्वांनी पाहिले आहे. संस्कृत कवींनी त्याचे कौतुक केले, पण शेतकऱ्याने त्याला तणच मानले. ते काश हे उसाचे सख्खे रानटी भावंड आहे. दांडा बोरूएवढा, रस नावाला. पण त्याला पूर आला तरी चालतो, दुष्काळ आला तरी चालतो आणि सहसा कोणी रोग-कीड त्याला मुळासकट संपवू शकत नाही.

१९१२ साली कोइमतूरला ऊसपैदाशीचे केंद्र निघाले. जागा निवडण्याचे कारण असे, की तेथे उसाला तुरा येतो आणि त्यात बी धरते. बार्बर हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख आणि वेंकटरामन हे त्यांचे साहाय्यक. या दोघांनी ‘वेल्लै’ नावाचा जाडजूड ऊस आणि तेथलेच रानातले काश यांचे लग्न लावले. घराण्याला न शोभणारी ही सोयरीक पाहून पुष्कळांनी नाके मुरडली असतील; पण त्यातून निघालेला को २०५ हा ऊस १९१८ साली पंजाबात गेला आणि तेथल्या थंडी-पाण्यात टिकून दाखवू लागला. ‘को’ म्हणजे कोइमतूर. आज कुठल्याही साखर कारखान्याच्या फलकावर जे को अमुक, को तमुक दिसते, त्याची ही सुरुवात. पुढे याच केंद्रात जानकी अम्माळ या विदुषीने काम केले. उसाचा मक्याशी आणि बांबूशीही संकर करून पाहण्यापर्यंत तेथे मजल गेली होती. बांबूएवढ्या उंच उसाचे स्वप्न काही खरे झाले नाही, पण त्या माणसांची हिंमत पाहा!

तिकडे जावामध्येही तेच चालले होते. १८८० नंतर ‘सेरेह’ नावाच्या रोगाने तेथल्या उंची उसाची दाणादाण उडवली, तेव्हा डच शास्त्रज्ञांना रानटी काशाच्या रक्ताची आठवण झाली. त्या खटाटोपातून पी.ओ.जे. २८७८ हा प्रसिद्ध ऊस निघाला, आणि त्याचा कोइमतूरच्या को २९० शी संकर होऊन को ४१९. दख्खनमध्ये पुंड्याची गादी गेली ती या को ४१९ कडे. नीरा नदीच्या कालव्यावर पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले होते; नव्या जातींची पारख तेथे होई. को ४१९ मागून को ७४० आला आणि त्याने कित्येक वर्षे महाराष्ट्रात राज्य केले. १९९६ साली पाडेगावाने को ८६०३२ हा ऊस ‘नीरा’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती दिला, आणि आजही आपल्याकडची पुष्कळशी साखर त्याच्यातूनच येते. तेव्हा या दिवाळीत आपण जो अनारसा खाल त्यात काशगवताचे दोन थेंब आहेत, असे खुशाल समजावे.

आता दाजींच्या शोधाकडे येतो. संकर करताना बी धरावे लागते हे खरे. पण एकदा मनाजोगते रोप मिळाले की पुढे कोणी बी पेरीत नाही. त्याची कांडी तोडून लावतात. त्या कांडीचा ऊस, त्याची पुन्हा कांडी. म्हणजे को ८६०३२ ची लाखो एकर लागवड ही लाखो झाडे नव्हेत. कोइमतूरच्या वाफ्यात एके काळी उगवलेले ते एकच रोप आहे, तुकड्या-तुकड्यांनी सांगलीपासून नगरपर्यंत पसरलेले. शेताच्या या टोकाचा ऊस आणि त्या टोकाचा ऊस यांत भावाभावांइतकासुद्धा फरक नाही. ज्या किड्याला एक पान रुचले त्याला सगळी पाने रुचली. दाजी आठ दिवस सरी धुंडाळीत होते, पण खरे म्हणजे ते एकाच झाडाभोवती फिरत होते.

याच्या अगदी उलट गोष्ट घडली ती साखरबीटाच्या बाबतीत. बीट आपल्या ओळखीचे आहे ते कोशिंबिरीतले, लाल. साखरेचे बीट पांढरे असते. त्यात साखर आहे हे मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ साली सायलेशियात पहिला कारखाना काढला. आणि इंग्रजांच्या आरमाराने वेस्ट इंडीजची साखर अडवली तेव्हा नेपोलियनने १८११ साली फ्रान्सच्या शेतकऱ्यांना बीट लावण्याचा हुकूमच सोडला. लढाईमुळे रुजलेले बहुधा हे एकच गोड पीक असावे. निवड करता करता बीटातली साखर शंभरात पाच-सहा भागांवरून सोळा-अठरा भागांवर नेली. पण येथेही तीच कथा. सगळी साखरबीटे सायलेशियाच्या त्या एका पांढऱ्या बीटाची लेकरे. गोडी वाढली आणि अंगातली कणव म्हणा, कस म्हणा, कमी झाला.

पश्चिम अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी बीटावर एक तुडतुडा येऊ लागला. तो स्वतः रस पिई तेवढ्यावर भागले असते. पण त्याच्या सोंडेबरोबर एक विषाणू येई आणि पाने वळून, चुरमडून बीट खुरटून जाई. एकामागून एक कारखाने बंद पडले, काहींची यंत्रे उचलून दुसरीकडे नेली. तेव्हा कार्सनर नावाच्या शास्त्रज्ञाने नेमके दाजींसारखेच केले. तो मेलेल्या शेतांतून फिरला आणि शेकडो सुकलेल्या बीटांत एखादे तग धरून उभे असेल ते उपटून त्याचे बी धरू लागला. पण बीट हे बियांपासून येणारे पीक. प्रत्येक झाड थोडे वेगळे. म्हणून कार्सनरला वाचलेली झाडे सापडली. त्या वेचलेल्या झाडांपासून १९३४ साली ‘यू.एस. १’ नावाची जात शेतकऱ्यांना मिळाली आणि बुडालेला धंदा वर येऊ लागला. तुडतुडे तेच होते, रसही पीत होते. पण बीट मरेना.

इटलीत मुनेराती नावाच्या माणसाने आणखी एक पाऊल मागे टाकले. पो नदीच्या मुखाशी, समुद्राच्या भरतीरेषेला, रानबीट उगवते. पाने जाड, मुळे फाटलेली, गोडी बेताची. त्याचा त्याने साखरबीटाशी संकर केला, तो पानांवरचे ठिपके रोखण्यासाठी. आणि तेव्हापासून आजवर रोग असो वा कीड, बीटाचे शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा त्या समुद्रकाठच्या गरीब आप्ताकडे जात आले आहेत. ते वाचल्यापासून वेसाव्याच्या किनाऱ्यावर फिरताना मी उगीचच वाळूकडे पाहत जातो. येथे ते बीट नाही हे मला ठाऊक आहे. येथे मर्यादवेल आणि खाडीकडे खारफुटी. पण खाऱ्या वाऱ्यात उभे राहून कोण कोणासाठी काय सांभाळून ठेवीत असेल, कोणी सांगावे?

बीट आपल्याकडेही येऊन गेले. राजस्थानात श्रीगंगानगरच्या कारखान्यात उसाबरोबर बीटही गाळले जाई. २००० नंतरच्या दशकात पुणे आणि जालना जिल्ह्यांत उष्ण हवा सोसणारे बीट लावून पाहिले गेले. पाच-सहा महिन्यांत हाती येणारे, उसाहून कमी पाणी पिणारे. लोकांना आशा वाटली होती. पण पाहुणा आला तसा त्याच्या स्वागताला आपल्याकडची तंबाखूवरची पाने खाणारी अळीही आली. जाड हिरवी पाने पाहून तिला आनंदच झाला. उसाची जागा काही बीटाने घेतली नाही.

आता कोणी विचारील, की पीक किडीला तोंड देते म्हणजे नेमके काय करते? पेंटर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९५१ साली लिहिलेल्या ग्रंथात याचे तीन प्रकार सांगितले आहेत. फराळाचीच भाषा वापरतो, म्हणजे मुलांना कळेल. पाहुणा आला, ताट पाहिले आणि त्याला ते रुचलेच नाही. पान खरबरीत, साल कठीण, वास नकोसा. तो उंबऱ्यावरूनच परतला. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात तो बसून जेवतो, पण पोट बिघडते, आणि त्याच्या लेकराबाळांची वाढ खुंटते. तिसऱ्यात पाहुणा यथेच्छ जेवतो, पण घरचा डबा एवढा भरलेला की कोणाला कमी पडत नाही. अमेरिकेतले बीट कीटकाला हुसकावीत नव्हते आणि त्याने आणलेल्या रोगाने खचतही नव्हते. उसात खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांच्याबाबत एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते. ज्या जातीचे वाळलेले पाचट आपोआप गळून पडते तिच्या कांड्यावर या किडींना लपायला जागा राहत नाही. अंगाला घट्ट चिकटून राहणारे पाचट म्हणजे त्यांची फुकटची धर्मशाळा.

लोकरी माव्याला मात्र २००२ साली शेतकऱ्याच्या रानात असलेल्या जातींपैकी कोणीच दार लावले नाही. कोठे कमी, कोठे जास्त, एवढाच फरक. नवी जात हवी तर संकरापासून शेतापर्यंत दहा-बारा वर्षे. दाजींच्या घराचे जोते तेवढे थांबणार नव्हते.

उत्तर आले ते तिसऱ्याच दिशेने. त्या पांढऱ्या कापसात, जाळी विणून बसलेली एक लहानशी अळी लोकांना दिसू लागली. शास्त्रज्ञांनी सांगितले, की हिला मारू नका, ही ‘डिफा’. अळी म्हटली की ती पान खाणार असा आपला अनुभव. ही मात्र पानाला दात लावीत नाही, मावा खाते. तिच्या जोडीला ‘मायक्रोमस’ नावाचा तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक होता. पुढे ईशान्येकडून एक अगदी बारीक परोपजीवी माशीही आणून सोडली. माव्याच्या मूळ मुलखात त्याला आवरून धरणाऱ्यांपैकी ती एक. म्हणजे येथेही शोध संपला तो रानातच, फक्त या वेळी तो गवताचा नव्हता. ज्यांनी घाईने औषधे फवारली होती त्यांच्या शेतात मित्रकीटकही मेले होते. ज्यांना औषध परवडले नाही त्यांच्याकडे ते टिकले. दाजी दुसऱ्या प्रकारातले. हा शहाणपणा नव्हता, उधारी मिळाली नव्हती इतकेच, असे ते स्वतःच हसून सांगतात.

२००३ च्या दिवाळीपूर्वी दाजींचा फोन आला. ताईची खुशाली, पोरांची खुशाली झाली, मग म्हणाले, “मास्तर, येताना टाचण्या आणा. इथल्या दुकानातल्या संपल्या.”

मला वाटले, पोरांच्या वह्यांसाठी. तेथे गेल्यावर पाहिले तर ओसरीवर चार शेजारी बसले होते आणि ताई कात्रीने उसाची पाने बोटभर लांबीची कापीत होती. प्रत्येक तुकड्यावर डिफाची एखादी अळी किंवा कोष. ते तुकडे टोपलीत भरून न्यायचे आणि ज्याच्या शेतात अळी नाही त्याच्या उसाच्या पानाखाली टाचणीने टाचायचे, एवढेच औषध. मी मुलांना चित्रे टाचायला शिकवणारा मास्तर. त्या सकाळी उसाची पाने टाचीत दुपारपर्यंत उभा राहिलो. सदरा पुन्हा पांढरा झाला, पण मागल्या वर्षापेक्षा कमी.

संध्याकाळी ताईने ओवाळले. मी तबकात लुगडे ठेवले आणि त्यावर उरलेली टाचण्यांची डबी. ताई म्हणाली, “ही काय ओवाळणी झाली का रे?” तोवर दाजींनी डबी उचलून कंदिलाजवळ नेली होती आणि शेजाऱ्याला म्हणत होते, “उद्या वड्याकडच्या पट्टीतनं सुरुवात करू.”